चार हजारांत लॅपटॉपची डिस्क बदलताना

पत्र : “गंगाखेडजवळच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं केंद्र आहे. सात-बारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, आधारवरून पैसे काढणं ही रोजची कामं. लॅपटॉप २०१७ सालचा आहे. आय-थ्री ६००६यू, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, सोबत आलेलं विंडोज १० होम. सकाळी सुरू व्हायला आठ-नऊ मिनिटं लागतात आणि क्रोम उघडेपर्यंत दारात माणसं ताटकळतात. बॅटरी संपली आहे, लाईट गेली की लॅपटॉप बंद. परभणीच्या दुकानदाराने एका सॉफ्टवेअरने तपासून ‘पिवळं दाखवतंय, डिस्क जायला आली’ असं सांगितलं. त्याचे भाव असे : नवीन १ टीबी हार्ड डिस्क ३,३०० रुपये, २४० जीबी एसएसडी २,२००, ४८० जीबीची ३,६००, शिवाय बसवायचे आणि विंडोज टाकायचे ७००. मोबाइलवर मात्र १ टीबीची एसएसडी ९९९ रुपयांना दिसते. डिस्कवर १४० जीबी भरलेलं आहे, त्यात ५५ जीबी घरच्या लग्नाचे व्हिडिओ. हातात चार हजार आहेत. काय घेऊ? घरी बसवता येईल का? डेटा आणि विंडोज जाईल का?”

ताई, खरेदीचं नंतर बघू. डिस्क पिवळी दाखवत असेल तर आज संध्याकाळी केंद्र बंद केल्यावर सगळ्यात आधी डेटा बाहेर काढा. एसएसडी (फिरणारी चकती नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) पंधरा दिवसांनी घेतली तरी चालेल, कॉपी उद्यावर टाकू नका.

दुकानदाराने बहुतेक क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं असणार. ते फुकट मिळतं, तुम्हीही चालवून बघा. डिस्क ठीक असेल तर निळं ‘गुड’, शंका असेल तर पिवळं ‘कॉशन’, गेल्यात जमा असेल तर लाल. खालच्या यादीत तीन ओळी बघायच्या : ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे डिस्कने खराब ठरवून बाजूला टाकलेल्या जागा, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकाल बाकी असलेल्या जागा, सी६ म्हणजे तपासून दुरुस्त न झालेल्या. तिथले आकडे हेक्साडेसिमलमध्ये असतात, म्हणजे शेवटी १० दिसलं तर ते १६ समजायचं. हे आकडे वहीत तारखेसह लिहा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. आकडा तिथेच थांबला असेल तर थोडी उसंत आहे. वाढत असेल तर ती डिस्क कोणत्याही सकाळी उघडणार नाही.

तुमच्या बाबतीत सी५ वाढण्याचं एक कारण पत्रातच आहे. बॅटरी नाही आणि लाईट गेली की लॅपटॉप धाडकन बंद होतो. त्या क्षणी डिस्क काही लिहीत असेल तर ते लिखाण अर्धवट राहतं, आणि पुढच्या वेळी ती जागा वाचताना हिशोब जुळत नाही. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की डिस्क थकते. ही गोष्ट एसएसडीलाही लागू आहे, त्याबद्दल शेवटी सांगतो.

कॉपीसाठी १२८ जीबीचा चांगल्या कंपनीचा पेनड्राइव्ह घ्या. तुमच्या १४० जीबीमध्ये विंडोज आणि प्रोग्रॅम साधारण ४० जीबी धरले तर कामाचं आणि व्हिडिओ मिळून शंभरेक जीबी उरतं, ते यात मावेल. कॉपीआधी पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये (फाइल साठवण्याची एक पद्धत) फॉरमॅट करा. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, आणि लग्नाचे व्हिडिओ हमखास तिथेच अडतात. संदेश येतो ‘फाइल खूप मोठी आहे’ आणि माणसाला वाटतं पेनड्राइव्ह भरला.

क्रम महत्त्वाचा. आधी ग्राहकांची कागदपत्रं, पावत्या, हिशोब. मग डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स. व्हिडिओ सगळ्यात शेवटी. दुखऱ्या डिस्ककडून काम करून घेताना पहिल्या तासातलं काम बिनधोक, नंतरचं नशिबावर. आणि कोणी ‘आधी चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) मारून डिस्क दुरुस्त करू’ म्हणालं तर कॉपी होईपर्यंत थांबवा. पूर्ण चेकडिस्क डिस्कचा कानाकोपरा तासन्‌तास वाचत बसतं. आधीच आजारी असलेली डिस्क त्यातच मान टाकते, आणि त्यात तुमची एकही फाइल बाहेर आलेली नसते.

एखाद्या फाइलवर कॉपी अडकून बसली तर विंडोजमधलंच रोबोकॉपी (कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप करायची कॉपीची आज्ञा) वापरा. पण त्याची मूळ सवय माहीत हवी : न वाचता आलेल्या फाइलवर ते दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबतं. म्हणजे एका खराब फाइलवर जन्म जाईल. म्हणून आज्ञेच्या शेवटी दोन गोष्टी जोडायच्या : तिरपी रेघ (/), आर, कोलन, १ आणि पुन्हा तिरपी रेघ, डब्ल्यू, कोलन, १. मग ते एकदाच पुन्हा बघतं, सेकंदभर थांबतं आणि पुढे जातं. साधा पेनड्राइव्ह सेकंदाला १५ एमबीच्या आसपास लिहितो, त्यामुळे शंभर जीबीला निरोगी डिस्कवरही दोन तास धरा. तुमच्याकडे जास्त लागतील. लॅपटॉपला बॅटरी नाही, तेव्हा त्या दिवशी डीपीवर काही काम निघणार नाही ना हे वायरमनला विचारून घ्या, नाहीतर इन्व्हर्टर असलेल्या घरी बसून हे काम करा.

आता खरेदीचं. नवीन हार्ड डिस्क अजिबात घेऊ नका. १ टीबी मिळते खरी, पण तुमचं दुखणं जागेचं नाहीच. लॅपटॉपच्या बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचकाखाली (डिस्क वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, वर वाचकाने योग्य पट्ट्यावर सरकायचा वेळ. सगळं धरून एका तुकड्याला पंधरा ते वीस मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदात पन्नास-साठ तुकडे. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल जागोजागच्या वाचायच्या असतात. तलाठी कार्यालयात सात-बाराचं प्रत्येक पान वेगळ्या गाठोड्यातून शोधून आणावं तसा हा प्रकार आहे. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती तुकडा मिलिसेकंदाच्याही एका लहान अंशात देते. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये आज तुम्हाला ‘डिस्क १०० टक्के’ दिसतं आणि प्रोसेसर मात्र निवांत बसलेला असतो. नवीन हार्ड डिस्क घातली तर तेच चक्र नव्या डिस्कवर सुरू होईल.

९९९ रुपयांची १ टीबी एसएसडी बघूच नका. परभणीत २४० जीबीला २,२०० लागतात, तर चौपट माल निम्म्याहून कमी भावात कुठून येईल? अशा डिस्कच्या आत बऱ्याचदा लहानशी चिप असते आणि तिचं सॉफ्टवेअर १ टीबी असल्याचं खोटं सांगतं. पहिले काही जीबी नीट लिहिले जातात. त्यानंतरचं लिखाण हवेत जातं किंवा जुन्याच्या डोक्यावर बसतं. फाइलची नावं दिसतात, फाइल उघडत नाही. तुमच्याकडे लोकांची कागदपत्रं आहेत, त्यांचा विचार करा.

उरल्या २४० आणि ४८०. मोठी एसएसडी थोडी जास्त टिकाऊ असते हे खरं. एक उदाहरण देतो : किंग्स्टनच्या ए४०० मालिकेत २४० जीबीला ८० टेराबाइट लिखाणाची हमी आहे, ४८० जीबीला १६० टेराबाइट. पण हिशोब करून बघा. रोज २० जीबी लिहिलं तरी ८० टेराबाइट संपायला ४,००० दिवस लागतात, म्हणजे जवळपास अकरा वर्षं. तुमच्या केंद्रात रोज २० जीबी लिहिलंही जात नसेल.

म्हणून आमचं मत २४० जीबीचं. ४८० घेतली तर हाती चारशे रुपये उरतात आणि डेटाची दुसरी प्रत ठेवायला काही उरत नाही. एसएसडी हार्ड डिस्कसारखी कुरकुर करून, हळू होऊन इशारा देईलच असं नाही. काल संध्याकाळपर्यंत नीट चाललेली एसएसडी आज बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) दिसत नाही, असं घडतं. एका मोठ्या डिस्कवर एकच प्रत असण्यापेक्षा लहान डिस्क आणि वेगळ्या पेनड्राइव्हवर दुसरी प्रत, हे केव्हाही चांगलं. हिशोब असा : एसएसडी २,२००, पेनड्राइव्ह हजाराच्या आत-बाहेर, साटा (डिस्कच्या जोडाचा प्रकार) ते यूएसबी केबल चारेकशे, पीएच-शून्य आकाराचा चांगला स्टार पेचकस शे-दीडशे. केबल कशाला, तर विंडोज नव्याने टाकल्यावर ‘अरे, ती फाइल राहिलीच’ हे दोन दिवसांनी आठवतंच, तेव्हा जुनी डिस्क बाहेरून जोडून बघता येते. बसवण्याचे ७०० वाचवले तर हे सगळं चार हजारांत बसतं.

२४० जीबी विंडोजमध्ये २२३ दिसेल. फसवणूक समजू नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या. लग्नाचे व्हिडिओ एसएसडीवर परत आणू नका. ते पेनड्राइव्हवर आणि शिवाय घरातल्या आणखी कोणाच्या तरी संगणकावर ठेवा. स्वस्त एसएसडी पाऊणपेक्षा जास्त भरली की लिहिताना मंदावते, म्हणून पन्नासेक जीबी कायम मोकळी राहू द्या.

दुकानात मागताना ‘अडीच इंची साटा एसएसडी, ७ मिलिमीटर’ असंच मागा. बाजारात च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम-डॉट-टू एसएसडीही मिळते. तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, आणि एका प्रकारच्या खाचेत दुसरी बसली तरी चालेलच असं नाही. तुमच्या मॉडेलला ती खाच आहे की नाही हे सर्व्हिस मॅन्युअल बघितल्याशिवाय सांगता येत नाही. उघडल्यावर एक छोटी पट्टी दिसेल, ती बहुधा वायफायची असेल, तिला हात लावू नका. हार्ड डिस्क अडीच इंची आहे, तेव्हा तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बिनबोभाट बसते. पक्कं बिल घ्या. तीन वर्षांची वॉरंटी बिल आणि सिरियल नंबर यांच्यावरच चालते, आणि डिस्कवरचं लेबल उचकटलं तर तीही जाते.

पुढचा प्रश्न : जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे क्लोन, करायचा की विंडोज नव्याने टाकायचं? डिस्क निरोगी असती तर क्लोन म्हटलं असतं. खराब जागा असलेल्या डिस्कवर क्लोन मध्येच थांबतो, किंवा पूर्ण झाला तरी विंडोजच्या बिघडलेल्या फाइलही सोबत येतात. शिवाय इतक्या वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा? नव्याने टाका.

विंडोज जाणार नाही. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोज १० ची चावी डिस्कवर नसून मदरबोर्डच्या बायोसमध्ये असते. टाकताना ‘होम’ हीच आवृत्ती निवडा, चावी मागितलीच तर ‘माझ्याकडे चावी नाही’ हा पर्याय दाबा. इंटरनेट जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. म्हणून कोणी ‘प्रो टाकून देतो’ म्हणत क्रॅक मारलेलं विंडोज देऊ लागलं तर नको म्हणा. ॲक्टिव्हेशनच्या त्या चोरट्या प्रोग्रॅमसाठी अँटिव्हायरस बंद करावं लागतं, आणि त्याच यंत्रावर तुम्ही लोकांचे अंगठे घेऊन बँकेचे व्यवहार करता.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तुमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. तपासणी चुकवून ११ टाकून देणारे भेटतील, पण पैशाच्या व्यवहाराच्या यंत्रावर ते करू नका, पुढची अपडेट मिळतीलच याची खात्री नसते. घरगुती वापराच्या यंत्रांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. २२एच२ ही आवृत्ती हवी. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून नोंदणी करायची. बायोमेट्रिक यंत्राचे ड्रायव्हर लागत नसते तर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट सुचवलं असतं. तुमच्या कामाला ते आज नको. दोन-तीन वर्षांत लॅपटॉपच बदलावा लागेल हे धरून चाला. तेव्हा ही एसएसडी काढून यूएसबी केबलवर वापरता येईल, म्हणजे हे पैसे वाया जात नाहीत.

जुनी डिस्क काढण्याआधी एका कागदावर यादी करा. केंद्र चालवणाऱ्यांची अडचण इथेच होते, डेटा परत येतो पण काम सुरू होत नाही. अंगठ्याच्या यंत्राची कंपनी आणि मॉडेल लिहा, त्याचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (अंगठा आधारच्या व्यवस्थेकडे पाठवणारा प्रोग्रॅम) पुन्हा कंपनीच्या साइटवरून घ्यावी लागेल. प्रिंटर-स्कॅनरचं मॉडेल लिहा. डिजिटल सही यूएसबी टोकनवर असेल तर सही टोकनमध्येच राहते, डिस्क बदलल्याने जात नाही. मात्र टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. सहीचं प्रमाणपत्र फाइलच्या रूपात विंडोजमध्येच ठेवलेलं असेल तर पासवर्डसह एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्या. क्रोममधले पासवर्ड आणि बुकमार्क गुगल खात्यावर सिंक झालेत का हे मोबाइलवर उघडून खात्री करा. जुन्या अर्जांच्या नमुन्यांत कृतिदेव किंवा श्रीलिपीसारखे फॉन्ट असतील तर त्या फॉन्टच्या फाइलही घ्या, नाहीतर मजकुराच्या जागी भलतीच अक्षरं दिसतील. साध्या मराठी टायपिंगला वेगळं काही नको, विंडोज १० मध्ये इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड येतात.

विंडोज टाकण्यासाठी वेगळा, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, तो कोणाचा तरी मागून आणा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल त्यावरचं सगळं पुसून मगच विंडोज भरतं. डेटा ठेवलेला पेनड्राइव्ह इथे चुकून लावला तर सगळ्या मेहनतीवर पाणी. म्हणून हा पेनड्राइव्ह शक्यतो दुसऱ्या, धडधाकट संगणकावर बनवा आणि त्या वेळी डेटाचा पेनड्राइव्ह घरी कपाटात असू द्या.

आता उघडायचं. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे विंडोज अर्धवट झोपत नाही, पूर्ण बंद होतं. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा, आत असेल तर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तिचा जोड सोडवा. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, उरलेली वीज जाते. आपल्याकडे हिवाळ्यात आणि चैत्र-वैशाखात हवा कोरडी असते, सिंथेटिक साडी किंवा सतरंजी असली की अंगावर स्थिर वीज साठते. उघड्या फरशीवर टेबल मांडा, सुती कपडे घाला आणि डिस्क हातात घेण्याआधी लोखंडी नळाला किंवा खिडकीच्या गजाला हात लावा. पंखा बंद ठेवा, स्क्रू उडून जातात.

स्क्रू हा या कामातला खरा घोटाळा. मागच्या झाकणाचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला तर तो वरच्या बाजूने, मनगट टेकतो तिथे, फुगवटा आणतो किंवा बोर्डाला टोचतो. कोऱ्या कागदावर लॅपटॉपची पाठ काढा आणि निघेल तो स्क्रू त्याच जागी सेलोटेपने चिकटवा. एक-दोन स्क्रू रबरी पायांच्या खाली असतात. डीव्हीडी ड्राइव्हचा स्क्रू काढून ड्राइव्ह बाहेर ओढली की तिच्या खाचेतही बारीक स्क्रू दिसतात. झाकण उचलेना म्हणजे स्क्रू राहिलाय, जोर लावू नका. सगळे निघाल्यावर जुनं एटीएम कार्ड कडेने फिरवा, प्लॅस्टिकच्या कड्या टक-टक सुटतात. काही मॉडेलमध्ये कीबोर्डच्या बाजूने उघडावं लागतं आणि तिथे कीबोर्डची पातळ पट्टी बोर्डाला जोडलेली असते, झटक्यात उचललं की ती फाटते. म्हणून आधी आपल्या मॉडेलचं नाव टाकून उघडण्याचा एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत बघा.

हार्ड डिस्क पत्र्याच्या चौकटीत तीन-चार स्क्रूंनी बसवलेली असते. जोडाच्या पट्टीला न ओढता डिस्क चौकटीसह बाजूला सरकवा, एल आकाराच्या खाचेतून ती सुटते. पट्टीचं दुसरं टोक बोर्डावर काळ्या किंवा पांढऱ्या बारीक पट्टीखाली दाबलेलं असतं, तिकडे जायची गरजच नाही. गेलंच तर ती बारीक पट्टी नखाने वर उचलायची असते, ओढायची नसते. चौकट एसएसडीवर चढवा. तेच स्क्रू लागतात, पण बऱ्याच स्वस्त एसएसडींचं अंग प्लॅस्टिकचं असतं, टेकले की थांबा, आवळाल तर आटे जातील. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर नवी थोडी सैल वाटेल, डब्यात आलेली काळी चौकट त्यासाठीच असते. एसएसडी सपाट ठेवून सरळ रेषेत आत सरकवा. तिरकी घातली की जोडाची जीभ तुटते, मग लॅपटॉपची पट्टीच बदलावी लागते.

झाकण नुसतं टेकवा, स्क्रू सगळे लावू नका. आधी सुरू करून बघा. बूटचा मेनू डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, एसूसवर एस्केपने येतो. एसरवर एफ१२ आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ लिहिलेला निवडा. पुढे एसएसडी ‘अनअलोकेटेड स्पेस’ म्हणून दिसेल. काही भाग पाडू नका, ती निवडून ‘नेक्स्ट’ दाबा, लागतील ते भाग विंडोज स्वतः करतं. तिथे एसएसडी दिसलीच नाही तर दहातल्या नऊ वेळा जोड अर्धवट बसलेला असतो. लॅपटॉप बंद करून एसएसडी जोडात पुन्हा दाबा. तरीही नसेल तर बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय आहे का बघा. या सगळ्या वेळी जुनी डिस्क यूएसबीवर जोडलेली ठेवू नका, नजरचुकीने तीच पुसली जाते. मध्येच लाईट गेली तर घाबरायचं कारण नाही, एसएसडीवर अजून तुमचं काही नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. बायोस अपडेट मात्र बॅटरी नसताना कधीही करू नका. त्यात लाईट गेली तर मदरबोर्डच जातो.

विंडोज बसल्यावर पहिला दिवस अपडेटला द्या. डेटा परत टाकण्याआधी एचटू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने एसएसडीची मोकळी जागा एकदा पूर्ण लिहून-वाचून बघा, तासभर लागेल. खोटी किंवा सदोष डिस्क इथेच उघडी पडते आणि दुकानदाराकडे बदलून घ्यायची मुदतही हाती असते. चाचणीच्या फाइल नंतर पुसा. डीफ्रॅगचे (डिस्कवर विखुरलेले तुकडे एकत्र लावणारे) वेगळे प्रोग्रॅम टाकू नका. एसएसडीची निगा विंडोज स्वतः आठवड्याला राखतं, ते बंदही करू नका.

लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आसपास सुरू होईल, क्रोम लगेच उघडेल. सरकारी पोर्टलचं चक्र मात्र फिरतच राहील. ते सर्व्हर आणि नेटवर्कवर असतं, त्याला एसएसडी काही करू शकत नाही. क्रोममध्ये दहा-बारा टॅब उघडले की पुन्हा जड वाटलं, तर टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८५-९० टक्क्यांवर आहे का बघा. असेल तर पुढचे पैसे रॅमवर. घेण्याआधी सध्याची डीडीआर३एल आहे की डीडीआर४ हे बघून जा, एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. पण त्याच्याही आधी बॅटरी. स्वस्त एसएसडीत अचानक वीज गेली तर सावरायला आत काही नसतं, रोज दोन-चारदा धाडकन बंद होणं तिलाही परवडत नाही. नवी बॅटरी जमेपर्यंत इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर लॅपटॉप लावा. आणि हे सगळं काम जुलैच्या अखेरीस, पीक विम्याच्या गर्दीत काढू नका.

जुनी डिस्क महिनाभर लेबल लावून कपाटात ठेवा. काही राहिलं नाही याची खात्री झाली की मग तिचं काय करायचं? भंगारात किंवा दुकानदाराला तशीच देऊ नका. तिच्यावर शेकडो लोकांच्या आधारच्या आणि पासबुकच्या प्रती आहेत. क्विक फॉरमॅटने त्या जात नाहीत, फुकटच्या सॉफ्टवेअरने परत निघतात. केबलने जोडून ‘क्विक’वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, त्यात प्रत्येक जागेवर शून्य लिहिलं जातं. १ टीबीला तीन-चार तास तरी लागतील. खराब जागांमुळे ते पूर्ण होईना तर डिस्क जाड गोणपाटात गुंडाळून हातोड्याने फोडा. आतल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि चुरा होतात, डोळ्यांवर चष्मा हवा. दुकानदाराकडूनच काम करून घ्यायचं ठरवलंत तर शेजारी बसून करून घ्या आणि निघताना जुनी डिस्क मागून घ्या.